आश्रमांतून घरीं येतांना

गेल्या खेपेस ह्या सदरांत वाळवणांविषयीं लिहिलें, तें वाचून एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, “ह्या सुटींत आम्हीं सर्वांनीं मिळून एखाद्या योगाश्रमांत चार दिवस राहावें, असा घरीं विचार चालला आहे. त्यापासून संसारी माणसांस खरोखर कांहीं लाभ होतो काय?” प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर एका शब्दांत देणें मला कठीण वाटलें. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरचीं आठहि माणसें अशा एका आश्रमांत राहून आलीं. आणि लाभ झाला खरा, परंतु ज्याच्यासाठीं गेलों होतों त्याहून तो अगदींच निराळा होता. म्हणून घडलें तसें सांगतों. जमाखर्च वाचकांनींच मांडावा.

जाण्याचें निमित्त अण्णांचें. अण्णांचें वय ७६. उभी हयात शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेली. दहा-बारा वर्षांपासून त्यांस रक्तदाबाचा विकार आहे व रोज सकाळीं एक गोळी घ्यावी लागते. ह्या गोळीवर त्यांचा भारी राग. टेकडीवर फिरावयास येणाऱ्या एका स्नेह्यांनीं, योगानें गोळी कायमची सुटते, असें त्यांच्या मनांत भरविलें. आणि दादानें लगोलग लोणावळ्याजवळील एका आश्रमांत चौकशी केली. आश्रमाचें नांव येथें देत नाहीं. ह्या लिहिण्यास जाहिरातीचें रूप येऊं नये, एवढाच त्यांत हेतु.

आईचा मात्र विरोध होता. “आश्रमांत जावयाचें तें सगळें आटोपल्यावर. भरल्या घराला कुलूप घालून आठ माणसांनीं एकदम वानप्रस्थ घ्यावयाचा, हें मीं तरी कोठें ऐकलें नाहीं!” अण्णा म्हणाले, “चार दिवसांच्या मुक्कामाला वानप्रस्थ म्हणत नाहींत, हवापालट म्हणतात.” ह्यावर आई गप्प बसली, पण जावयाच्या आदल्या रात्रीं वहिनी दोन वाजेपर्यंत जागून चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि डिंकाचे लाडू करीत होत्या, तेव्हां कोठें वानप्रस्थाची तयारी पुरी झाली.

पुण्याहून लोकलनें लोणावळें म्हणजे सुमारें ६४ किलोमीटर, दीड तासांची वाट. आश्रमाच्या दारांतच पहिला नियम कळला : बाहेरचें खाद्य आंत आणावयाचें नाहीं. वहिनी हातांतले डबे घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. रात्रभर जागून केलेलें सारें त्या खोलींत कुलुपाआड गेलें. त्या वेळीं आम्हांस त्याचें हसूं आलें, हें आज लिहितांना बरें वाटत नाहीं.

दुसरा नियम असा कीं, कोणासहि आसनाच्या चटईवर बसविण्यापूर्वीं त्याची वैद्यकीय तपासणी व्हावयाची. अण्णांनीं खुर्चीवर बसतांच आपला हेतु सांगून टाकला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांच्या बोलण्यांत संकोच नव्हता. “आजोबा, नियमित योगाभ्यासानें रक्तदाब थोडाबहुत उतरतो, हें खरें आहे. पण तो गोळीच्या जोडीला. गोळीच्या ऐवजीं नव्हे. गोळी कमी करावयाची कीं नाहीं, हें तुमचे नेहमींचे डॉक्टर ठरवितील. ती आपल्या मनानें सोडूं नका, आणि कोणी आसनें शिकविणारा सोडा म्हणाला, तर त्याचें मुळींच ऐकूं नका.” इतकें सांगून त्यांनीं अण्णांच्या कागदावर शीर्षासन, सर्वांगासन व भस्त्रिका हीं तीन नांवें लिहून त्यांवर फुल्या मारल्या. ज्यासाठीं आम्ही आलों, त्याचा निकाल असा पहिल्या अर्ध्या तासांतच लागला.

मग वहिनींची पाळी आली. मधें पडदा होता. पण आम्ही सारे अलीकडच्या बाकावर बसलों होतों आणि शब्द ऐकूं येत होते.

“कांहीं दुखतें काय?”

“तसें कांहीं नाहीं. कंबर. थोडीशीच.”

“कधींपासून?”

थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, “झालीं असतील सात वर्षें.”

बाकावर आम्ही सहा-सात माणसें, पण कोणीं कोणाकडे पाहिलें नाहीं. ह्या सात वर्षांत आमच्या घरांत अण्णांच्या रक्तदाबाची स्वतंत्र वही झाली, आईच्या गुडघ्यांसाठीं तीन निरनिराळीं तेलें आलीं, माझ्या एका दाढेवर तर महिनाभर कुटुंबांत खल चालला होता. वहिनींच्या कंबरेचा शब्द मात्र मीं तरी प्रथम त्या दिवशीं ऐकला, आणि तोहि एका परक्या बाईच्या प्रश्नामुळें.

आश्रमाची दिनचर्या सांगण्यासारखी आहे. पहांटे पांचला घंटा. साडेपांचला जलनेति. नंतर आसनें, मग न्याहारी. दुपारीं जेवण व विश्रांति, चार वाजतां प्राणायाम, संध्याकाळीं प्रार्थना आणि व्याख्यान. रात्रीं नऊला दिवे बंद. जलनेतीच्या वेळीं आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवानें एका नाकपुडींतून घेतलेलें पाणी दुसरींतून सोडण्याऐवजीं तोंडांतून सोडलें व शेजारच्या गृहस्थांस भिजविलें. ही क्रिया घरीं करूं इच्छिणाऱ्यांसाठीं एक गोष्ट येथें मुद्दाम नमूद करतों. पाणी उकळून कोमट केलेलेंच हवें. नळाचें कच्चें पाणी नाकांत घालूं नये. क्वचितच, पण अशा पाण्यांतून मेंदूस घातक असा जंतु शिरल्याचीं उदाहरणें झालीं आहेत. मिठाचें प्रमाण अर्ध्या लिटरास सपाट चमचाभर, म्हणजे सुमारें साडेचार-पांच ग्रॅम असावें. नुसत्या पाण्यानें नाक झोंबतें, तें ह्या मिठामुळें झोंबत नाहीं.

आसनाच्या वर्गांत अण्णांनीं पहिल्याच दिवशीं गुरुजींस गांठलें. गुरुजी वयानें त्यांच्या नातवासारखे. “पातंजल सूत्रें पाठभेदानें १९५ किंवा १९६. त्यांत साक्षात् आसनाविषयीं सूत्रें तीन. मग तुम्ही सकाळचे दोन तास हातपाय वळविण्यांत कां घालवतां?” गुरुजी न रागावतां म्हणाले, “आजोबा, ज्याला तासभर न हलतां स्वस्थ बसतां येतें, त्याला तीन सूत्रें पुरेशीं आहेत. आपण बसून पाहतां काय?” अण्णा मांडी घालून बसले. अकराव्या मिनिटास त्यांनीं डावा पाय मोकळा केला, आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांच्या आधीं ते वर्गांत हजर राहूं लागले. विद्यार्थ्याची चूक दाखविण्यांत जन्म घालविलेल्या माणसाला आपली चूक अशी मान्य करतांना पाहणें, हा आम्हां मुलांस नवाच अनुभव होता.

परंतु अवघड आसन निघालें तें भोजनगृहांत. तेथें रांगेंत उभें राहून ज्यानें त्यानें आपलें ताट वाढून घ्यावयाचें व बसून जेवावयाचें. पहिल्या दिवशीं वहिनी दोन घांस खाऊन उठल्या आणि भाताचें पातेलें उचलून आमच्याकडे येऊं लागल्या. वाढप पाहणाऱ्या बाईंनीं त्यांच्या हातांतून तें हळूच काढून घेतलें व म्हणाल्या, “ताई, येथें उठावयाचें नाहीं. जेवून घ्या.” वहिनी परत येऊन बसल्या खऱ्या, पण त्यांना जेवण सुचेना. समोर आपलें ताट आहे, तें गरम आहे, आणि कोणीहि हांक मारीत नाहीं, ह्या स्थितींत काय करावें हेंच जणूं त्यांस ठाऊक नव्हतें. आईचीहि तीच गत. ती मला म्हणाली, “असें आयतें बसून खाण्याची लाज वाटते रे.” दादा, मी आणि अण्णा ह्यांना ती लाज कधीं वाटली नव्हती, हें मला तेथें प्रथम जाणवलें.

हठप्रदीपिकेंत मिताहाराचा नियम सांगतांना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा, असें म्हटलें आहे. संध्याकाळच्या बोलण्यांत गुरुजींनीं ह्याचा उल्लेख केला, तेव्हां माझी पुतणी, वहिनींची थोरली मुलगी, जी कॉलेजांत संख्याशास्त्र शिकते, ती माझ्या कानांत म्हणाली, “काका, आई घरीं रोजच मिताहार करते. मधें उठून गेली कीं परत ताटावर येतच नाहीं.”

त्याच संध्याकाळीं स्वामी कुवलयानंदांच्या कार्याविषयीं व्याख्यान झालें. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ सालीं गुजरातेंत डभोई येथें. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव ह्यांच्यापाशीं त्यांचें व्यायामाचें शिक्षण झालें, अंमळनेरास त्यांनीं अध्यापन केलें, आणि नर्मदाकांठीं मालसर येथील परमहंस माधवदासजी ह्यांच्यापाशीं ते योग शिकले. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. १९६६ सालीं त्यांनीं देह ठेवला. आज २१ जून हा योगदिन म्हणून देशोदेशीं पाळला जातो, संयुक्त राष्ट्रांनीं डिसेंबर २०१४ मध्यें तसा ठराव केला. पण त्याच्या नव्वद वर्षें आधीं ह्या गृहस्थानें योगाला प्रयोगशाळेंत नेलें होतें.

त्यांची रीत मला फार मोलाची वाटली. उड्डियान व नौलि ह्या क्रियांनीं शरीरांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं पाहिलें. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांत दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, म्हणून पाणी आपोआप वर ओढलें जातें, हें त्यांनीं दाबमापक नळी लावून दाखविलें, आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचें नांव दिलें. परंपरा सांगते म्हणून डोळे मिटून मानलें नाहीं, आणि परंपरेची आहे म्हणून टाकलेंहि नाहीं, मोजून पाहिलें. अण्णा परत येतांना इतकेंच म्हणाले, “श्रद्धा आणि फूटपट्टी, दोन्ही हातांत धरणारा माणूस.”

हें वाक्य अण्णा विसरले, पण पुतणी विसरली नाहीं. त्याचा परिणाम पुढें सांगतों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आसनांच्या शेवटीं शवासन चाललें होतें. गुरुजींनीं सर्वांस हळूहळू उठावयास सांगितलें. सारे उठले, वहिनी उठल्या नाहींत. त्यांना गाढ झोंप लागली होती. दादा ओशाळून त्यांना हलवावयास पुढें झाला. तोंच आईनें त्याचा हात धरला. “राहूं दे. झोपूं दे तिला.” गुरुजींनीं एक घोंगडी आणून पांघरली, आणि आम्ही सारे पाय न वाजवितां बाहेर पडलों. न्याहारीची वेळ होऊन गेली. वहिनी साडेदहाला जाग्या झाल्या, आणि घाबऱ्या घाबऱ्या येऊन आईपुढें उभ्या राहिल्या. आईनें झांकून ठेवलेली ताटली त्यांच्यापुढें सरकविली आणि कांहीं बोलली नाहीं.

रात्रीं ओसरीवर मी एकटाच होतों, तेव्हां आई येऊन बसली. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, “तिची कंबर दुखते हें मला ठाऊक होतें रे. जिना चढतांना कठड्याला धरते, तें मी पाहत होतें. माझीहि दुखायची. मला कोणीं विचारलें नव्हतें. मला वाटलें, हें असेंच असतें.” मी काय बोलणार! आई ७१ वर्षांची. तिची कंबर कधीं दुखत होती, हेंहि मला त्या रात्रींच कळलें.

चौथ्या दिवशीं परत निघालों. येतांना लोकलमध्यें पुतणीनें अण्णांची रक्तदाबाची वही मागून घेतली, आणि घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं कोणासहि न सांगतां तिच्या मागल्या पानावर आईच्या दिवसाची नोंद ठेवली. तीं बोटें अण्णांस दाखविलीं तेव्हां आम्ही सारे जवळ होतों. वहिनी उठल्या पहांटे सव्वापांचला. निजल्या रात्रीं अकराला. पहिला चहा प्यायल्या आठ वाजून चाळीस मिनिटांनीं. त्याआधीं त्यांनीं तो निरनिराळ्या सात माणसांस पांच वेळां करून दिला होता. दुपारच्या जेवणांतून त्या उठल्या नऊ वेळां. दिवसभरांत बसल्या, भाजी निवडणें धरून, एक तास पन्नास मिनिटें. त्या नऊपैकीं तीन वेळां त्या माझ्यासाठीं उठल्या होत्या : एकदां मिठासाठीं, एकदां ताकासाठीं, आणि एकदां माझा मोबाईल दुसऱ्या खोलींत वाजला म्हणून.

अण्णांनीं चष्मा काढला. “मोजल्यावर नाहीं म्हणतां येत नाहीं,” ते म्हणाले.

वहिनींस ही मोजदाद आवडली नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. त्या मुलीवर रागावल्या. “घरचें काम का असें वहींत मांडतात? मीं कधीं तक्रार केली आहे काय?” तक्रार त्यांनीं केली नव्हती, ही गोष्ट खरी; आणि तीच आमच्या सोयीची होती. माझी सौ. त्यावर म्हणाली, “वहिनी, मी नोकरीच्या नांवानें साडेआठला बाहेर पडतें आणि सुटतें. तुम्ही कोणत्या नांवानें सुटणार?”

शेवटीं ठरलें तें असें. सकाळीं सहा ते पावणेसात हा वेळ वहिनींचा. वरच्या खोलींत दार लावून त्यांनीं आसनें करावीं किंवा नुसतें निजून राहावें, कोणीं हांक मारावयाची नाहीं. पहिला चहा आळीपाळीनें दादानें व मीं करावयाचा. दुपारीं भांडीं मधें मांडून सर्वांनीं एकदम बसावयाचें, आणि ज्याला जें लागेल तें त्यानें उठून घ्यावयाचें. ह्यांत तत्त्वज्ञान कांहीं नाहीं. पण पहिल्या आठवड्यांत माझ्या हातून दोनदां दूध उतूं गेलें, दादानें एकदां साखरेऐवजीं मीठ घातलें, आणि संक्रांतीच्या सुमारास पाहुणे आले तेव्हां हा सगळा नियम दहा दिवस बुडाला. बुडालेला नियम परत कोणीं बसविला म्हणाल तर आईनें. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशीं सहा वाजतां वहिनी स्वयंपाकघरांत शिरत होत्या, तर दारांत आई उभी. “तुझा वर्ग चुकतोय,” एवढेंच ती म्हणाली, आणि मला उठवावयास आली.

वहिनींस पुण्यांत हाडांच्या डॉक्टरांस दाखविलें. मणका सरकलेला नाहीं. स्नायु थकून आखडले होते. व्यायाम व शेक दिला आहे. कंबर अजून दुखते, पण रोज नाहीं. त्यांत आसनांचा वांटा किती, शेकाचा किती आणि पाऊण तासाच्या निवांतपणाचा किती, हें वेगळें काढून दाखविणें आम्हांस शक्य नाहीं. कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो असें संशोधन सांगतें, मात्र तो माफक असतो, असेंहि तेंच संशोधन सांगतें. अण्णांची गोळी चालू आहे. ते आतां पंचवीस मिनिटें न हलतां बसतात. त्यांच्या वहींत त्यांच्या आंकड्यांच्या शेजारीं आणखी दोन रकाने पडले आहेत. एक आईचा, एक वहिनींचा.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. अवश्य जावें. जातांना औषधें बरोबर न्यावींत व चालू ठेवावींत; काय दुखतें तें तपासणींत लपवूं नये; झेपत नाहीं तें आसन शेजारी करतो म्हणून करूं नये. पण घरचें पाहावयास कोणी एक सून मागें ठेवून बाकीच्यांनीं शांति मिळवावयास जाणार असाल, तर जाऊं नये. गेलांत तर सगळे जा. आणि परत आल्यावर चटई कोठें पसरावयाची हें ठरविण्याआधीं, घरांत पहिला चहा कोण करतो आणि शेवटीं कोण पितो, हें एक दिवस वहींत मांडून पाहा. डबे मात्र करून नेऊं नका. तेथें ते आंत घेत नाहींत. आम्ही आणलेले तसेच परत घेऊन आलों, आणि लोकलमध्यें चिवडा उघडला, तेव्हां वहिनींच्या हातावर पहिली मूठ आईनें घातली.